मानवी हक्क आयोगाच्या अहवालावर सभागृहात बोला : महाराष्ट्राच्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र विधानसभा व महाराष्ट्र विधान परिषद

विषय : राज्य मानवी हक्क आयोगाचे वार्षिक अहवाल आणि त्यावरील कार्यवाहीचे निवेदन सभागृहात ठेवून त्यावर चर्चा करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. जमिनीचे दावे, पोटगी, जामीन ही रोजची कामं. त्यात अधूनमधून एखादी आई किंवा एखादा भाऊ येतो. घरचा माणूस पोलिसांच्या गाडीत स्वतःच्या पायांनी चढलेला असतो आणि घरी येतो तो सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागारातून. अशा लोकांचे अर्ज मी राज्य मानवी हक्क आयोगाकडे पाठवते. आज मी आपल्याकडे जे मागते आहे त्यासाठी नवा कायदा लागत नाही, पुरवणी मागण्यांत तरतूद लागत नाही, केंद्राची परवानगीही लागत नाही. मानवी हक्क संरक्षण अधिनियम, 1993 च्या कलम 28 ने आपल्या दोन्ही सभागृहांना एक अधिकार दिलेला आहे. तो वापरा, एवढंच मागणं आहे.

कलम 28 असं आहे. राज्य आयोगाने दरवर्षी शासनाला अहवाल द्यायचा. एखादी बाब वर्ष संपेपर्यंत थांबण्यासारखी नसेल तर मध्येच विशेष अहवालही देता येतो. हे अहवाल शासनाने दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवायचे आणि सोबत एक निवेदन जोडायचं : आयोगाच्या कोणत्या शिफारशीवर काय केलं, काय करणार आहोत, आणि एखादी शिफारस मान्य केली नसेल तर का केली नाही. हा शेवटचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शासनाला शिफारस नाकारता येते, पण ती का नाकारली हे आपल्यासमोर सांगावं लागतं. एवढी मोठी गोष्ट कायद्यात तीस वर्षांपासून लिहिलेली आहे आणि तालुक्याच्या पातळीवर तिचा मागमूसही जाणवत नाही.

हे कलम का महत्त्वाचं, ते आयोगाचे अधिकार कुठे संपतात हे पाहिलं की कळतं. चौकशी करताना आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात. साक्षीदाराला समन्स काढता येतं, शपथेवर जबाब घेता येतो, कुठल्याही कार्यालयातून कागद मागवता येतो, तुरुंगात जाऊन कैद्यांची स्थिती पाहता येते. चौकशी संपली की मात्र कलम 18 लागू होतं आणि आयोग शिफारस करतो. भरपाई द्या, अमक्या अधिकाऱ्यावर खटला भरा, विभागीय चौकशी लावा. शासनाने त्यावर महिन्याभरात म्हणणं कळवायचं. फार तर आयोग उच्च न्यायालयात जाऊ शकतो. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने फेब्रुवारी 2021 मध्ये या शिफारशी शासनावर बंधनकारक आहेत, असा निकाल दिला. मी तो निकाल माझ्या अर्जांना जोडते. तरी माझ्या टेबलावरच्या फायली शिफारशीपर्यंत पोहोचतात आणि तिथेच थांबतात.

त्यातली एक फाईल सांगते. नाव-गाव सांगत नाही, कारण ते कुटुंब अजून तिथेच राहतं. पारधी वस्तीवरचा पोरगा, मोटारसायकल चोरीच्या संशयावरून रात्री उचललेला. स्टेशन डायरीत त्याला आणल्याची नोंद मात्र दुसऱ्या दिवशी सकाळची. अटक पंचनाम्यात अंगावर जखम नाही. पोस्टमॉर्टेमच्या कागदावर दोन्ही तळपायांना आणि मांड्यांना काळेनिळे वळ. आयोगाने सुनावण्या घेतल्या, कुटुंबाचं म्हणणं ग्राह्य धरलं, भरपाईची आणि दोन कर्मचाऱ्यांवर कारवाईची शिफारस केली. आईला वाटलं, निकाल लागला. मग पत्रं यायला लागली. ‘प्रकरण उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित.’ ‘नियमोचित कार्यवाही करून अनुपालन अहवाल सादर करावा.’ ‘आपला अर्ज संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे.’ वरच्या कार्यालयातून मधल्या, मधल्यातून खालच्या, आणि शेवटी कागद आला त्याच हद्दीत, जिथे पोरगा गेला होता. बाई प्रत्येक पत्र घेऊन यायची. चुरगळू नये म्हणून वहीच्या पुठ्ठ्यात घालून, बाजाराच्या पिशवीत. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक होता. पैसे किती मिळणार, कधी मिळणार, आणि त्या दोघांवर काय कारवाई झाली, हे एकाही पत्रात नव्हतं.

अशा वेळी लोक म्हणतात, कोर्टात जा. जाता येतं. खंडपीठात रिट दाखल करायची म्हणजे वकिलाची फी, झेरॉक्स, एसटीचं भाडं, आणि प्रत्येक तारखेला बुडालेली मजुरी. खंडपीठं अशा प्रकरणांत न्याय देतात, यात वाद नाही. डिसेंबर 2024 मध्ये परभणीत राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला कायद्याचा एक विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. जुलै 2025 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य शासन त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही आदेश कायम राहिला. पण त्यामागे राज्यभरातून लोक उभे होते. पारधी वस्तीवरच्या त्या बाईमागे कोण उभं होतं? आयोग हा गरिबाचा मार्ग म्हणूनच काढला होता. अर्जाला फी नाही, वकील लागत नाही, साध्या कागदावर लिहून पोस्टाने पाठवला तरी चालतो. तो मार्ग शेवटच्या टप्प्यावर बंद पडत असेल, तर तो चालू करण्याची जबाबदारी कायद्याने आपल्यावर टाकली आहे.

आकड्यांकडेही पाहावं. 2017-18 ते 2021-22 या पाच वर्षांत पोलीस कोठडीतल्या मृत्यूंची 669 प्रकरणं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे नोंदली गेली. त्यात गुजरातची 80 आणि महाराष्ट्राची 76. देशात आपण दुसरे. एकट्या 2021-22 मध्ये आपल्याकडे 30. या पाच वर्षांत राज्यात दोन्ही बाजूंची सरकारं होऊन गेली, त्यामुळे हे पत्र सत्ताधाऱ्यांना उद्देशून आहे की विरोधकांना, असा प्रश्न कृपया कोणी विचारू नये. हे आकडे लोकांना कळले ते फेब्रुवारी 2023 मध्ये केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांनी राज्यसभेत दिलेल्या उत्तरामुळे. प्रश्न आला म्हणून उत्तर द्यावं लागलं. आमच्या 76 घरांचा हिशेब दिल्लीत मांडला गेला. मुंबईत आणि नागपुरात तो मांडून घेणं आपल्या हातात आहे.

आयोगांकडून काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. राष्ट्रीय आयोग 12 ऑक्टोबर 1993 ला स्थापन झाला आणि दोनच महिन्यांत, 14 डिसेंबरला, त्याने राज्यांच्या मुख्य सचिवांमार्फत देशभरच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना कळवलं की कोठडीतला प्रत्येक मृत्यू चोवीस तासांत आयोगाला कळवायचा. न कळवल्यास काही दडवायचा हेतू होता, असं मानलं जाईल. मघाशी दिलेले आकडे त्या एका पत्रामुळे अस्तित्वात आहेत. पुढे 1995 मध्ये कोठडी मृत्यूच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा, असं आयोगाने राज्यांना कळवलं, 1997 मध्ये शवविच्छेदन अहवालाचा आदर्श नमुना काढला. तळपायाचे वळ कागदावर यायला लागले, त्यात या नमुन्याचा वाटा आहे.

आणि 2003 साल आठवा. बडोद्याच्या बेस्ट बेकरीत 1 मार्च 2002 रोजी झालेल्या हत्याकांडाच्या खटल्यात जून 2003 मध्ये सगळे 21 आरोपी सुटले. साक्षीदार फिरले होते. तेव्हा राष्ट्रीय आयोग स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल 2004 मध्ये न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश दिला, तोही गुजरातबाहेर, महाराष्ट्रात. मुंबईच्या विशेष न्यायालयाने फेब्रुवारी 2006 मध्ये नऊ जणांना दोषी ठरवलं. पुढे अपिलात काहीजण सुटले, तरी एक गोष्ट राहतेच : मेलेल्यांच्या नातेवाइकांची लढाई एका सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेने स्वतःच्या अंगावर घेतली आणि तिचा खटला आपल्या राज्यात चालला. त्यामुळे ही संस्था काय करू शकते, हे महाराष्ट्राने तरी विसरू नये.

त्याच राष्ट्रीय आयोगाचं ‘अ’ दर्जाचं पुनर्मानांकन जगभरच्या मानवी हक्क संस्थांच्या महासंघाने 2023 आणि 2024 अशी सलग दोन वर्षं पुढे ढकललं. 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेली पॅरिस तत्त्वं हा त्यांचा निकष : अशी संस्था सरकारपासून स्वतंत्र असली पाहिजे, आणि तशी दिसलीही पाहिजे. आक्षेप काय होते? चौकशीचं काम पोलीस अधिकाऱ्यांकडे, मुख्य प्रशासकीय अधिकारी सरकारने पाठवलेला, नेमणुका पुरेशा पारदर्शक नाहीत, सदस्यांमध्ये समाजातल्या सगळ्या थरांचं प्रतिबिंब नाही.

हे आक्षेप राज्य आयोगालाही लागू पडतात, कारण कायदा एकच. कलम 27 प्रमाणे आयोगाचा सचिव राज्य शासन देतं, तपास करणारे पोलीसही शासनच देतं, पोलीस महानिरीक्षकाच्या हुद्द्याखाली नसलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली. म्हणजे पोलिसाविरुद्धच्या तक्रारीची चौकशी करणारा माणूस उद्या त्याच खात्यात परत जाणार असतो. तो प्रामाणिक असेलही, पण त्याच्यासमोर जबाब द्यायला बसलेल्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कलम 22 प्रमाणे अध्यक्ष आणि सदस्य निवडणाऱ्या समितीत मुख्यमंत्री, विधानसभेचे अध्यक्ष, गृहमंत्री आणि विरोधी पक्षनेते असतात, शिवाय विधान परिषदेचे सभापती आणि तिथले विरोधी पक्षनेते. आयोगासमोर सर्वांत जास्त वेळा उभं राहावं लागणाऱ्या खात्याचे मंत्री निवड समितीत आहेत. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत विरोधातल्या एकाही पक्षाला 29 जागांपर्यंत, म्हणजे विरोधी पक्षनेतेपदासाठी संकेताने धरल्या जाणाऱ्या एक दशांश संख्येपर्यंत, पोहोचता आलं नाही, त्यामुळे विधानसभेतल्या विरोधी पक्षनेत्याच्या खुर्चीचाच प्रश्न उभा राहिला. समितीतली एखादी जागा रिकामी असली तरी नेमणूक अवैध ठरत नाही, असंही कायदा सांगतो. निवड समितीत विरोधकांचा आवाज उरत नसेल, तर झालेल्या निवडींबद्दल आणि कामाबद्दल सभागृहात प्रश्न विचारणं आणखीच गरजेचं होतं. 2019 च्या दुरुस्तीने मुदत पाच वर्षांवरून तीनवर आणली आणि सदस्यांप्रमाणे अध्यक्षांनाही फेरनेमणुकीची दारं उघडली. ज्याला फेरनेमणूक हवी आहे त्याने ती देणाऱ्याविरुद्धच शिफारस करायची, ही अवघड परीक्षा आपण माणसांना विनाकारण द्यायला लावतो आहोत.

राज्य आयोग म्हणजे एक अध्यक्ष आणि दोन सदस्य. तीन माणसं. 36 जिल्हे आणि 2011 च्या जनगणनेप्रमाणे सव्वाअकरा कोटींच्या आसपास लोक. एक जागा रिकामी राहिली की आयोग एक तृतीयांशाने कमी होतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2015 मध्ये कोठडीतल्या अत्याचारांबाबतच्या डी. के. बसू प्रकरणात सांगितलं होतं की राज्य आयोगांच्या रिक्त जागा तीन महिन्यांत भरा. नेमणुकीची तारीख आणि मागचा माणूस निवृत्त झाल्याची तारीख यांत किती अंतर पडतं, हा प्रश्न प्रत्येक वेळी कोणीतरी सभागृहात विचारलाच पाहिजे. निवृत्तीची तारीख नेमणुकीच्याच दिवशी माहीत असते, मग उशिराचं कारण काय?

सगळ्यात जास्त जिवाला लागते ती कलम 36 मधली एक वर्षाची अट. घटना घडल्यापासून वर्ष उलटलं की आयोगाला त्या प्रकरणाची चौकशी करता येत नाही. शहरातल्या शिकलेल्या माणसाला वर्ष पुरतं. किनवट, धडगाव, सिरोंचाच्या माणसाचं वर्ष कसं जातं? आधी दहावं-तेरावं. मग पोलीस पाटील आणि सरपंच समजूत घालतात. मग अधीक्षकांना निवेदन, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, पालकमंत्री आले की त्यांच्या हातात निवेदन, प्रत्येक ठिकाणी ‘बघतो’. मध्ये सोयाबीनची काढणी किंवा ऊसतोडीला सहा महिने बाहेर. आयोग नावाचं काही आहे हे कोणीतरी सांगेपर्यंत वर्ष संपतं. कायदा केंद्राचा आहे, आपल्याला ते कलम बदलता येणार नाही, हे मान्य. पण कोठडी मृत्यूची खबर चोवीस तासांत जातेच ना? मग मृताच्या घरच्यांना ‘तुम्हाला आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत अमुक तारखेपर्यंत’ असं एक छापील मराठी पत्रक त्याच दिवशी देण्याचा आदेश राज्य शासन काढू शकतं. शासन निर्णयाचं एक पान पुरेल.

सीसीटीव्हीचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 च्या निकालात सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, लॉकअपसमोर, व्हरांड्यात, आत-बाहेर पडायच्या दारांवर, अंधारात दिसणारे, आवाजही टिपणारे, आणि रेकॉर्डिंग अठरा महिने जपायचं, काहीही झालं तरी वर्षापेक्षा कमी नाही. गंभीर इजा किंवा मृत्यू झाला तर मानवी हक्क आयोग ते फुटेज मागवू शकतो, हेही त्याच निकालात आहे. प्रत्यक्षात अर्ज पोचून नोटीस निघेपर्यंत ‘सदर कालावधीचे फुटेज उपलब्ध नाही’ असं उत्तर तयार असतं. कॅमेरा बंद होता, डिस्क भरली, वरून नवं रेकॉर्डिंग झालं. आपल्या मतदारसंघातल्या ठाण्यांत किती कॅमेरे चालू आहेत आणि किती दिवसांचं रेकॉर्डिंग जपलं जातं, ते आपण एका भेटीत पाहू शकता. आमदाराला ठाणेदार नाही म्हणणार नाही. मला म्हणतो.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते, कारण ती आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. चोर, दरोडेखोरांची बाजू घेतली तर मतदार काय म्हणतील? ज्याच्या घरी चोरी झाली, त्याचा राग मला समजतो. तोही माझा पक्षकार असतो. पण माझ्याकडे आलेल्या कोठडीच्या प्रकरणांत ‘संशयित’ हा कायम त्याच वस्त्यांमधला असतो. ब्रिटिशांनी 1871 मध्ये ज्यांच्या कपाळावर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला आणि 31 ऑगस्ट 1952 ला कागदावरून तो पुसला गेला, त्या जमातींची पोरं अजून रात्री उचलली जातात. मारून घेतलेल्या कबुलीने चोरीचा माल सापडत नाही आणि खरा चोर मोकळा फिरतो. पोलिसांच्या बाजूनेही सांगते : बारा-बारा तासांची ड्युटी, बंदोबस्त, हाताखाली माणूस नाही आणि वरून ‘डिटेक्शन दाखवा’ हा तगादा. ही कोंडी आयोगाच्या अहवालात आली आणि सभागृहात तिच्यावर बोललं गेलं, तर शिपायालाही त्याचा फायदाच आहे. शिवाय आयोगाकडे फक्त कोठडीच्या तक्रारी जात नाहीत. आश्रमशाळेत साप चावून मेलेलं लेकरू, सरकारी दवाखान्याच्या दारात झालेलं बाळंतपण, गटारात उतरवलेला सफाई कामगार, निवृत्तिवेतनासाठी खेटे घालणारा मास्तर, हे सगळे तिथे अर्ज करतात. यातला एकही माणूस आपल्या मतदारसंघाबाहेरचा नाही.

अहवाल किती दिवसांत पटलावर ठेवायचा, याला कलम 28 मध्ये मुदत नाही. ही कायद्यातली मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढायला सभागृहाची इच्छा पुरेशी आहे. महालेखापरीक्षकांच्या अहवालांसाठी लोकलेखा समिती असते, ती सचिवांना साक्षीला बोलावते, परिच्छेदवार विचारते, आणि खाती त्या समितीला घाबरतात. पैशाच्या हिशेबाला जी शिस्त आहे ती माणसाच्या जिवाच्या हिशेबाला का नसावी? मानवी हक्क आयोगाच्या अहवालांसाठी दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमा. न स्वीकारलेल्या प्रत्येक शिफारशीसाठी संबंधित सचिवांची साक्ष घ्या. वर्षातून एक दिवस, हिवाळी किंवा अर्थसंकल्पीय अधिवेशनात, त्या अहवालावर पूर्ण चर्चा ठेवा. समिती होईपर्यंत तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा ही आयुधं आपल्याकडे आहेतच. अध्यक्ष महोदय आणि सभापती महोदय यांनाही विनंती की असा प्रश्न आल्यास तो तारांकित यादीत वर घ्यावा, कारण यादीच्या तळाला गेलेला प्रश्न पुकारला जात नाही.

आम्ही काही तालुक्यांतले वकील मिळून हे पत्र आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक आमदाराला हातोहात देणार आहोत. सोबत प्रश्नाचा मसुदाही देत आहोत, म्हणजे आपल्याला फक्त सही करून तो विधानमंडळ सचिवालयात दाखल करायचा आहे. इतर जिल्ह्यांतल्या सदस्यांसाठी तो इथेच देते :

सन्माननीय मुख्यमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :

(1) महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोगाचे कोणत्या वर्षापर्यंतचे वार्षिक अहवाल शासनास प्राप्त झाले, आणि त्यापैकी कोणते, कोणत्या दिनांकास दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवण्यात आले ;

(2) मागील पाच वर्षांत आयोगाने केलेल्या शिफारशींपैकी किती मान्य, किती अमान्य व किती प्रलंबित आहेत, आणि अमान्य प्रत्येक शिफारशीची कारणे काय आहेत ;

(3) भरपाईच्या शिफारशींपैकी किती प्रकरणांत रक्कम प्रत्यक्ष वारसांच्या हाती पडली, व शिफारशीपासून त्यास किती कालावधी लागला ;

(4) कोठडीतील मृत्यूच्या प्रकरणांत शिफारशीनुसार किती अधिकारी व कर्मचाऱ्यांवर गुन्हा नोंद झाला वा विभागीय कारवाई झाली ;

(5) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

आपली,
तालुका न्यायालयातील एक वकील